पडद्यावरचा काळोख आणि खिडकीतला उजेड

१९८२ सालच्या ‘ब्लेड रनर’ या चित्रपटातल्या शहरात घराच्या आत कधीच पुरता अंधार होत नाही. माणसं बोलत असतात, एकटी बसलेली असतात, जीव मुठीत धरून लपलेली असतात, आणि बाहेरून आलेला प्रकाशाचा झोत भिंतीवरून, चेहऱ्यांवरून सरकत जातो. लॉस एंजलिसमधली १८९३ सालची ब्रॅडबरी बिल्डिंग यात आहे. तिच्या काचेच्या छतावरून जाहिरात करणारं हवाई जहाज जातं आणि त्याचे दिवे थेट खालपर्यंत उतरतात. कोणी पडदा ओढत नाही, कोणी तक्रार करत नाही. दिग्दर्शक रिडली स्कॉट आणि छायालेखक जॉर्डन क्रोननवेथ यांनी बिघडलेलं शहर समजावून सांगण्यात संवाद खर्च केले नाहीत. माणसाच्या खोलीत न विचारता शिरलेला उजेड दाखवला, तेवढ्यात सगळं आलं.

या कथेचा काळ नोव्हेंबर २०१९ होता. तो महिना मागे पडून वर्षं झाली. आज ठाण्यातल्या घोडबंदर रोडलगतच्या किंवा नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या एखाद्या सातव्या मजल्यावर हा चित्रपट लावला, तर पडद्यावरच्या झोतात समोरच्या डिजिटल होर्डिंगचा झोत मिसळतो. कुठला दिग्दर्शकाचा आणि कुठला जाहिरातदाराचा, हे काही क्षण कळतही नाही.

रात्रीचा अंधार ही पाण्यासारखी, शांततेसारखी नागरी सोय आहे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी रात्री ११ नंतर राहत्या घराच्या खिडकीवर जास्तीत जास्त किती उजेड पडू शकतो याचा आकडा ठरवावा आणि तो प्रत्येक प्रकाशित फलकाच्या परवान्यात लिहावा, एवढीच ही मागणी आहे. ती सिनेमाच्या निमित्ताने मांडायला कारण आहे. उजेडाने झोप बिघडली हे लक्षात यायला महिने लागतात, पण गडद चित्रपटाचा अंधार फाटला तर तो पाचव्या मिनिटाला दिसतो.

आधी हे पाहू की अंधार पडद्यावर नेमकं काय काम करतो. ‘ब्लेड रनर’चे रस्ते वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओच्या आवारातल्या कायमस्वरूपी सेटवर, मुख्यतः रात्री, धूर आणि कृत्रिम पाऊस सोडून चित्रित झाले. सेट कुठे संपतो हे झाकायला काळोखच उपयोगी पडला. म्हणजे तिथला अंधार ही नुसती सजावट नाही, ते शहर ज्या मालातून उभं केलं त्यातला तो अर्धा माल आहे. २०१७ सालच्या ‘ब्लेड रनर २०४९’मध्येही तेच. रॉजर डीकिन्स यांना ज्या छायालेखनासाठी ऑस्कर मिळालं त्यात नारिंगी धुळीत बुडालेलं लास वेगास जेवढं महत्त्वाचं आहे, तेवढाच धुक्यात जेमतेम ओळखू येणारा काळा-करडा पट्टाही. हे काळ्या-करड्यातले बारीक फरक गेले की उरतं ते पिठल्यासारखं एकजीव काहीतरी, आणि बघणारा म्हणतो, ‘फार डार्क आहे, काही दिसतच नाही.’

काही दिसत नाही याचा दोष बहुतेक वेळा चित्रपटाचा नसतो. पडद्याची चमक ‘निट’ या एककात मोजतात आणि एखाद्या पृष्ठभागावर पडणारा उजेड ‘लक्स’मध्ये. चित्रपटगृहात पूर्ण पांढऱ्या रंगाची चमक सुमारे ४८ निट्स असते. घरचा साधा टीव्हीसुद्धा त्याच्या पाच-सहा पट उजळतो. तरी थिएटरात सगळं दिसतं, कारण तिथे बाकी उजेड नसतो. टीव्हीचा पडदा स्वतःवर पडलेल्या उजेडातला साधारण २ टक्के विखरून परत फेकतो असं धरू. हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू असेल आणि पडद्यावर १०० लक्स पडत असतील, तर १०० गुणिले ०.०२ भागिले ३.१४, म्हणजे सुमारे ०.६४ निटचा पांढुरका थर पूर्ण चित्रावर कायमचा बसतो. चित्रातली सगळ्यात उजळ जागा १०० निट्सची असेल तर तीत आणि काळ्यात जेमतेम १५७ पटींचा फरक उरतो, मग टीव्ही दीड लाखाचा ओलेड का असेना. हेच पडद्यावर २ लक्स पडले तर फरक आठ हजार पटींच्या आसपास जातो. सावलीतले तपशील अर्ध्या निटच्या खाली राहतात, आणि ट्यूबलाइटच्या खोलीत ते त्या थराखाली गाडलेले असतात. टीव्हीचा ब्राइटनेस वाढवून ते वर येत नाहीत, फक्त उजळ भाग आणखी भगभगीत होतो.

हे तपासायला कसलंही यंत्र लागत नाही. हे दोन्ही चित्रपट रुंद पट्टीचे आहेत, रुंदी उंचीच्या २.३९ पट. ५५ इंची टीव्हीचा पडदा १२२ सेंटिमीटर रुंद आणि साडेअडुसष्ट सेंटिमीटर उंच असतो, त्यात हे चित्र ५१ सेंटिमीटर उंचीत बसतं. वर आणि खाली प्रत्येकी पावणेनऊ सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या उरतात. दृश्य गडद असताना त्या पट्ट्यांकडे बघा. पट्टी आणि टीव्हीची चौकट एकमेकींत मिसळून गेली तर खोली तयार आहे. पट्टी राखाडी दिसली, तिच्यात सोफ्याची कड, पंख्याची पाती किंवा बाहेरच्या जाहिरातीचा लाल-निळा ठिपका दिसला, तर तेच सगळं चित्राच्या आतही आहे. तिथे ते फक्त ओळखू येत नाही.

आता टीव्ही. दुकानातल्या लखलखाटात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावं म्हणून टीव्हीला निळसर, भडक, कडक चित्राची सवय लावलेली असते, आणि घरी आल्यावर ती सहसा कोणी बदलत नाही. चित्राचा मोड ‘फिल्ममेकर’ ठेवावा. ही सोय २०१९ मध्ये जाहीर झाली आणि २०२० पासून टीव्हींत येऊ लागली. ती नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ निवडावा. पहिली दहा मिनिटं चित्र पिवळट वाटेल. तसं वाटलं म्हणून परत ‘स्टँडर्ड’वर जाऊ नये, डोळ्यांना सवय होते. रंग किती निळसर किंवा पिवळट आहे हे ‘केल्विन’मध्ये मोजतात. चित्रपटाचा पांढरा रंग ६५०० केल्विनला ठरवलेला असतो, पिवळट वाटणारं चित्र त्याच्या जवळ असतं आणि निळसर चित्र खूप लांब. मग चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. ती वेगवेगळ्या कंपन्यांत ट्रूमोशन, मोशनफ्लो, पिक्चर क्लॅरिटी अशा नावांनी सापडते. सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटात ती मधल्या खोट्या चौकटी भरते, आणि धुरातून चालणारा माणूस मालिकेतल्या स्टुडिओत चालल्यासारखा दिसतो. शार्पनेस शून्यावर आणावा. सोनीच्या टीव्हीत मात्र तो ५० वर तटस्थ असतो, शून्यावर नेला तर चित्र पुसट होतं.

‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ आणि ‘ब्लॅक एन्हान्सर’ जातीच्या सोयी बंदच हव्यात. त्या सावल्या उचलतात किंवा दाबतात, दोन्हीत दिग्दर्शकाने झाकलेलं उघडं पडतं किंवा दाखवलेलं झाकलं जातं. वीजबचतीचा ‘इको’ मोड खोलीचा उजेड बघून चमक बदलतो. बाहेरचं होर्डिंग दर दहा सेकंदांना रंग बदलत असेल तर तो त्याच्या तालावर चित्र वर-खाली करू लागतो, म्हणून तोही बंद. गॅमा नावाची सेटिंग असते, काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा किती गडद दिसाव्यात हे ती ठरवते: दिवे चालू असतील तर २.२, खोली काळोखी असेल तर २.४ किंवा बीटी १८८६. आणि लॅपटॉप किंवा डिस्क प्लेअर एचडीएमआयने जोडला असेल तर ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’, म्हणजे काळा कुठून सुरू होतो याची सेटिंग, बघावी. एका बाजूला ‘लिमिटेड’ आणि दुसऱ्या बाजूला ‘फुल’ झालं की काळा एकतर राखाडी होतो, नाहीतर सगळ्या सावल्या डांबरासारख्या एक होतात. काही जण हा बिघाड पॅनलचा समजून टीव्ही बदलतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पॅनलची, म्हणजे टीव्हीच्या पडद्याची, जातही विचारून घ्यावी. आयपीएस पॅनलचा काळा रंग अंधारात राखाडी चमकतो, त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण हजाराला एक असतो. व्हीए पॅनल तीन ते पाच हजारांपर्यंत जातं, पण कोपऱ्यात बसलेल्याला त्याचे रंग उडालेले दिसतात. ओलेडमध्ये प्रत्येक बिंदू स्वतंत्र विझतो. आयपीएस असेल तर टीव्हीच्या मागे ६५०० केल्विनची मंद पांढरी पट्टी लावावी. मागची भिंत थोडी उजळली की काळा अधिक काळा वाटतो आणि डोळेही शिणत नाहीत. चित्राबरोबर रंग बदलणाऱ्या पट्ट्या अशा चित्रपटाला अजिबात लावू नयेत.

चित्र कुठून येतं हाही प्रश्न आहेच. फोर-के स्ट्रीमिंगला सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट मिळतात, तर फोर-के डिस्कची मर्यादा शंभराच्या वर आहे. चित्राचा डेटा आकुंचित करताना सगळ्यात आधी कात्री लागते ती धूर, धुकं, धूळ आणि काळोखाला, कारण यंत्राला तिथे ‘फारसं काही नाही’ असं वाटतं. नारिंगी आकाशात पायऱ्या दिसल्या, काळ्या कोपऱ्यात चौकोनी ठोकळे सरकताना दिसले, तर समजावं की डेटा कमी पडतोय. राउटर बेडरूममध्ये आणि मधे काँक्रीटची भिंत, ही आपल्याकडची नेहमीची मांडणी. त्यापेक्षा वायर ओढावी. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुधा १०० मेगाबिटचाच असतो, पण स्ट्रीमिंगला तेवढा भरपूर झाला.

आवाजाचा विषय थोडक्यात. ‘२०४९’ १६३ मिनिटांचा आहे. ठाण्याच्या गर्दीतून घरी पोचून, जेवून, नऊला बसलं तर पावणेबारा होतात. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, आणि सबवूफरचा खोल आवाज स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. सबवूफर जमिनीवर थेट न ठेवता जाड फोमवर ठेवावा, दहानंतर ‘नाइट मोड’ लावावा. त्याने मोठे आवाज दबतात आणि संवाद वर येतात. शेजाऱ्याच्या झोपेसाठी आपण हे करतो, कारण नियम आहे आणि तो योग्य आहे. आवाजाला आकडा आहे. उजेडाला असा देशभर लागू असलेला आकडा नाही, आणि सगळा तंटा तिथेच आहे.

खोलीच्या आतले दिवे आपल्या हातात असतात. नेहमीच्या दोन बीएचकेचा हॉल १० बाय १५-१६ फुटांचा, आखूड बाजूला बाल्कनीची स्लायडिंग काच, लांब भिंतीवर टीव्ही आणि समोर सोफा. सोफ्याची खोली वजा जाता डोळे आणि पडद्यात सात-साडेसात फूट उरतात. ५५ इंचाला हे अंतर अगदी बरोबर आहे, दृष्टीचा ३० अंशांचा कोन भरतो. या मांडणीत बाल्कनीपासून दूरच्या टोकाला बसलेल्याला पडद्यात बाल्कनीचं प्रतिबिंब दिसतं आणि बाल्कनीजवळ बसलेल्याला स्वयंपाकघराच्या दिव्याचं. स्वयंपाकघर बंद करता येतं. राउटर आणि सेट-टॉप बॉक्सच्या निळ्या ठिपक्यांवर काळी चिकटपट्टी लागते. देवघरातला बल्ब हॉलमध्ये दिसत असेल तर त्याच्यापुढे एखादी फळी उभी करता येते. टीव्हीसमोरच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर सतरंजी टाकली तर खालून येणारी झळाळी जाते. बाल्कनीतून येणारा उजेड मात्र असा बंद होत नाही.

त्यावर मिळणारा सल्ला ठरलेला असतो: जाड पडदे लावा. ते कसे लावायचे तेही सांगायला हवं, कारण नव्वद टक्के काम शिवण्यात आणि टांगण्यात बिघडतं. कापड ‘ब्लॅकआउट’ म्हणून विकलं तरी मागे तीन थरांचं लेपन आहे का ते मोबाइलचा टॉर्च मागे धरून दुकानातच बघावं, टॉर्चचा ठिपका दिसला तर ते कापड घेऊ नये. पन्हा खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट हवा, म्हणजे चुण्या पडून उजेड अडतो. रॉड किंवा ट्रॅक चौकटीबाहेर दोन्हीकडे किमान सहा-आठ इंच जायला हवा आणि पडदा फरशीला टेकायला हवा. आयलेटच्या, म्हणजे कड्यांच्या पडद्यात वरून हमखास उजेड गळतो. प्रत्येक चुणीमागे एक फट राहते, आणि रात्री छतावर नागमोडी पांढऱ्या पट्ट्यांची ओळ उमटते. होर्डिंगवरची जाहिरात बदलली की ती अख्खी ओळ रंग बदलते, आणि पीओपीचं पांढरं छत तो रंग खाली सोफ्यापर्यंत पोचवतं. यावर उपाय म्हणजे छताला लावलेला ट्रॅक किंवा वर पेल्मेटची पेटी, आणि कडेला भिंतीवर वेल्क्रोची पट्टी.

हे सगळं नीट केलं की उजेड थांबतो. पण त्याबरोबर वाराही थांबतो. ठाणे-नवी मुंबईतल्या एप्रिल-मेच्या घामट रात्री पडदा आणि काच बंद करून पावणेतीन तास बसायचं म्हणजे एसी चालवायचा. पावसाळ्यात लेपनाच्या मागच्या बाजूला काळी बुरशी धरते आणि धुवायला जावं तर लेपन सोलतं. म्हणजे समोरच्या फलकाच्या उजेडाचं बिल खिडकीच्या आतला माणूस भरतो: कापडाचं, शिलाईचं, विजेचं, आणि वर बंद खोलीचं. नागरी प्रश्नावर पडदा हे उत्तर मला मान्य नाही. गच्च बंद केलेलं घर हाही त्या चित्रपटातल्याच शहराचा भाग वाटतो.

उत्तर फलकाच्या टोकाला आहे आणि ते आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त आहे. बाहेरचा एलईडी फलक दुपारच्या उन्हात दिसावा म्हणून पाच हजार निट्सच्या घरात चमकतो. रात्री त्याला तेवढी गरज नसते. ब्रिटनमधल्या प्रकाश-व्यावसायिकांच्या संस्थेची मार्गदर्शिका शहरी भागातल्या मोठ्या डिजिटल फलकांना रात्री कमाल ३०० निट्स सुचवते, म्हणजे दिवसाच्या सहा टक्के. प्रकाशाची आंतरराष्ट्रीय संस्था सीआयई उपनगरी वस्तीतल्या खिडकीवर रात्रीच्या ठरलेल्या वेळेआधी १० लक्स आणि त्यानंतर २ लक्स अशी मर्यादा सुचवते. हे दोन आकडे एकत्र ठेवून बघू. ४० बाय २० फुटांचा फलक म्हणजे सुमारे ७४ चौरस मीटर. तो ३०० निट्सवर पूर्ण पांढरा असला तर समोर १०० मीटरवरच्या खिडकीवर ३०० गुणिले ७४ भागिले १०० चा वर्ग, म्हणजे २.२ लक्स पडतात. मर्यादेच्या आसपास, निभावण्यासारखं. तोच फलक रात्रीही ३,००० निट्सवर सोडला तर २२ लक्स. आणि टीव्हीच्या काचेत त्याचं एक टक्का प्रतिबिंब जरी उमटलं तरी ते ३० निट्सचं असतं. पडद्यावरच्या गडद दृश्यातला चेहरा त्याच्यापेक्षा मंद असतो.

३,००० वरून ३०० वर यायला नवा सुटा भाग लागत नाही. फलकाच्या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये चमकेची टक्केवारी आणि वेळापत्रक असतं. संध्याकाळी ७ला इतके टक्के, ११ला इतके, असं एकदा भरून ठेवता येतं. प्रकाश-सेन्सरही जोडता येतो. चुकतं ते साध्या गोष्टींत: वेळापत्रक भरलेलंच नसतं आणि टक्केवारी एकदा हाताने ठेवून दिलेली असते. सेन्सर पथदिव्याखाली बसवला तर त्याला मध्यरात्रही संध्याकाळच वाटते. शिवाय पांढऱ्या पार्श्वभूमीची जाहिरात तेवढ्याच टक्केवारीत काळ्या पार्श्वभूमीच्या जाहिरातीपेक्षा कित्येक पट जास्त उजेड फेकते. म्हणून नियमात टक्केवारी न लिहिता पूर्ण पांढऱ्या चित्राचे निट्स आणि खिडकीवरचे लक्स लिहायला हवेत.

१३ मे २०२४ ला घाटकोपरचं १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. त्यानंतर फलकांचा पाया, लोखंड आणि आकार हा विषय ऐरणीवर आला, आणि तो यायलाच हवा होता. उजेड कोणाचा जीव असा एका क्षणात घेत नाही, म्हणून तो यादीत खाली राहतो. पण फलकाचा आकार, उंची, तोंडाची दिशा आणि जवळच्या इमारतीपर्यंतचं अंतर हे सगळं परवान्याच्या त्याच कागदपत्रांतून काढता येतं. वर केलेला गुणाकार-भागाकार पालिकेचा अभियंता दोन मिनिटांत करेल.

फक्त जाहिरातदारांकडे बोट दाखवून भागणार नाही. टॉवरच्या माथ्यावर बिल्डरच्या प्रकल्पाचं झगमगतं नाव, दर्शनी भागावर रंग बदलणाऱ्या पट्ट्या, पोडियमवर आभाळाकडे तोंड करून बसवलेले फ्लडलाइट, हा आपापल्या सोसायट्यांचा उजेड आहे आणि तो समोरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जाऊन पडतो. इथे महापालिकेची वाट बघायची गरज नाही. वार्षिक सभेत एक ठराव पुरतो: फ्लडलाइटचं तोंड खाली, त्याला पत्र्याची शेड, ५० वॉटच्या जागी २० वॉट, थंड पांढऱ्याऐवजी ३००० केल्विनचा उबदार रंग, आणि शोभेच्या दिव्यांना ११चा टायमर. कॉमन लाइटचं बिल खाली येतं, त्यामुळे खजिनदार सहसा विरोध करत नाहीत.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र मनापासूनचा असतो आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. रात्री उशिरा स्टेशनवरून चालत येणाऱ्या मुलीला रस्त्यावर उजेड हवाच, त्यात तडजोड नाही. पण तो उजेड पायाखाली हवा. वरून झाकलेला, खाली तोंड केलेला पथदिवा फुटपाथ उजळतो. समोरून डोळ्यांत येणारा फलक बाहुली आकसवतो आणि त्याच्या पलीकडची झाडाआडची जागा आणखी काळी करतो. भगभगीत फलकाखाली उभा असलेला माणूस समोरून येणाऱ्याला दिसत नाही, हे कोणालाही एका रात्रीत पडताळून बघता येईल.

दुसरा आक्षेप उत्पन्नाचा. फलकांचं भाडं आणि शुल्क पालिकेला लागतं, हे खरं. पण मध्यरात्री ते पहाट या वेळेत रस्त्यावर किती ग्राहक असतात? फ्रान्समध्ये रात्री १ ते सकाळी ६ प्रकाशित जाहिराती बंद ठेवण्याचा नियम आहे. साओ पाउलोने तर २००७ पासून होर्डिंगच काढून टाकली. इथली मागणी तेवढी मोठी नाही, फलक राहू देत, रात्री मंद होऊ देत. दिवाळीच्या आकाशकंदिलाशीही या मागणीचं भांडण नाही. कागदाआडचा दहा वॉटचा दिवा, थोडे दिवस, आणि तो आपण आपल्या हाताने लावलेला.

तिसरा आक्षेप असा की हा चैनीचा प्रश्न आहे, सिनेमा नीट दिसत नाही म्हणून कायदा कशाला. महाराष्ट्रानेच याचं उत्तर दिलेलं आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे अंधार ही जपण्याची गोष्ट आहे हे या राज्यात मान्य झालेलं आहे. ठाण्याच्या एका कुशीला येऊरचं जंगल आहे आणि दुसरीकडे २०२२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत असलेली फ्लेमिंगोंची ठाणे खाडी. आणि त्या दोन्हींच्या मधे लाखो खिडक्या आहेत, ज्यांच्यामागे पाळीवरून आलेली परिचारिका झोपायचा प्रयत्न करते, तान्हं बाळ असतं, आणि एखाद्या घरात पावणेतीन तासांचा एक गडद चित्रपट चालू असतो. खिडकीवरचे २ लक्स या सगळ्यांना एकाच वेळी पुरतात.

तक्रार करायची तर ‘उजेड फार येतो’ एवढं लिहून उपयोग होत नाही, आकडा लिहावा लागतो. लक्स मीटर साधारण दीड हजारात मिळतो. मोबाइलचं ॲप पाच लक्सच्या खाली भरवशाचं राहत नाही. घरातले सगळे दिवे आणि टीव्ही बंद करून, काच उघडून, मीटरची गोल पांढरी टिकली खिडकीच्या पातळीत बाहेरच्या बाजूला तोंड करून धरायची, हात किंवा शरीर आड येऊ द्यायचं नाही. फलकाच्या परवान्यावरची परिमाणं, प्रकाशाच्या अटी आणि चालू ठेवण्याच्या वेळा माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर मागता येतात, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज ठाण्यात प्रभाग समितीकडे, नवी मुंबईत विभाग कार्यालयाकडे द्यावा. आणि एकाच रात्री, ११.३० नंतर, दोन वाचनं घ्यावीत: एक फलकावर सगळ्यात काळी जाहिरात असताना, दुसरं सगळ्यात पांढरी असताना. पहिल्यात पथदिवे, गाड्या आणि बाकी शहर आलेलं असतं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की जे उरतात ते लक्स केवळ त्या फलकाचे.